ऑनलाइन अभ्यासक्रमांना एक टेबल आणि चार सोबती द्या: मराठवाड्यातील प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील सर्व वरिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य
आणि 'स्वयम' व एनपीटीईएलचे काम पाहणारे समन्वयक प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

जुलैचे सत्र तोंडावर आले आहे. लवकरच आपल्या सगळ्यांच्या सूचनाफलकावर तीच नोटीस लागेल: सर्व विद्यार्थ्यांनी 'स्वयम'वर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर (एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांनी बनवलेले अभ्यासक्रमही तिथेच असतात), किमान एका अभ्यासक्रमासाठी नोंदणी करावी. वर्गाच्या ग्रुपवर लिंक येईल, नोंदणीचे स्क्रीनशॉट गोळा होतील आणि आकडा महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फायलीत जाईल. त्या नोटिशीत आणखी एक ओळ असावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ती ओळ अशी: "या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी बारा ते एक ग्रंथालयात एकत्र बसतील."

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. शिकवणे माझ्याकडे नाही. पण मुले 'ऑनलाइन कोर्स करतात' म्हणजे नेमके काय करतात, हे वाचनकक्षात बसून जेवढे दिसते तेवढे वर्गात उभे राहून दिसत नाही. पहिल्या आठवड्यात व्हिडिओ नीट बघितला जातो. दुसऱ्या आठवड्यात तो दीडपट वेगाने पळतो. तिसऱ्या आठवड्यात तो नुसता चालू असतो आणि बघणारा इन्स्टाग्रामवर असतो. पुढे असाइनमेंटची उत्तरे टेलिग्रामवरून उतरवली जातात, आणि परीक्षेचे शुल्क भरायची वेळ आली की बहुतेक जण गुपचूप बाजूला होतात. त्यांना कोणी रागावत नाही, कारण ते गेल्याचे कोणाला कळतच नाही.

ही मुले आळशी आहेत असे कृपा करून म्हणू नका. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी जगासाठी खुल्या केलेल्या अभ्यासक्रमांचा काही वर्षांचा हिशेब २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे निघाले ३.१३ टक्के. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठांचे व्हिडिओ, वेगवान इंटरनेट, घरात स्वतंत्र खोली असणारे विद्यार्थी, आणि तरीही शंभरातले तीन. तेव्हा दोष मुलांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्यांना एकटे बसवण्याच्या पद्धतीत शोधलेला बरा.

गंमत म्हणजे या प्रकाराची सुरुवात एकटे बसण्यातून झालीच नव्हती. जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातर्फे एक अभ्यासक्रम सर्वांना खुला केला. शुल्क भरणारे विद्यार्थी होते २५, आणि बाहेरून येऊन बसलेले दोन हजारांहून जास्त. तिथे शिकवणाऱ्यांइतकेच शिकणारेही लिहीत होते, एकमेकांचे वाचत होते, वाद घालत होते. पुढे २०११ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला दीड लाखावर लोकांनी नाव नोंदवले, तेव्हापासून सगळे लक्ष व्हिडिओवर आणि आकड्यावर गेले. आपल्याकडे ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम' सुरू झाले तेव्हा त्याचे चार भाग ठरवले होते: व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायला चर्चा. पहिले तीन भाग आपल्या मुलांपर्यंत पोचले. चौथा पोचला नाही.

का पोचला नाही, ते सांगते. त्या चर्चेत देशभरातले हजारो विद्यार्थी असतात, सगळे इंग्रजीत विचारतात, आणि विचारणाऱ्याचे नाव सगळ्यांना दिसते. पालम किंवा सेनगावच्या मुलीने तिथे पहिली शंका लिहावी कशी? इंग्रजीत वाक्य जुळवण्यातच तिचा अर्धा तास जातो, मग ती ते पुसून टाकते. शंका नसते असे नाही. ती कोणापुढे मांडावी असा माणूस जवळ नसतो.

अमेरिकेत युरी ट्राइझमन यांनी १९७० च्या दशकात बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हेच पाहिले होते. कलनाच्या (कॅल्क्युलसच्या) पहिल्या परीक्षेत कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत होते, आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे जात होते. प्राध्यापकांना वाटत होते की घरची परिस्थिती, कच्चा पाया, कमी जिद्द ही कारणे असतील. ट्राइझमन यांनी प्रत्यक्ष मुलांसोबत राहून पाहिले तर फरक वेगळाच निघाला. मागे पडणारे मेहनत करत होते, पण एकेकटे. पुढे जाणारे आधी एकटे अभ्यास करत आणि नंतर एकत्र जमून एकमेकांची गणिते तपासत. आपण कुठे चुकलो आणि बाकीच्यांना काय अवघड गेले, हे त्यांना रोजच्या रोज कळत होते. मग ट्राइझमन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गट केले, त्यांना सोपी उजळणी न देता मुद्दाम कठीण गणिते दिली, आणि निकाल बदलले. आपल्याकडे घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलांबद्दल आपण स्टाफरूममध्ये 'पाया कच्चा आहे' हे वाक्य किती सहज म्हणतो, ते आठवून पाहावे.

आता आपल्याच गावची गोष्ट. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या अभ्यासिका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलेही तिथे बसली असतील. मुलगा महिन्याचे पैसे भरतो, ते कशाचे? पुस्तके त्याची स्वतःची. मोबाइल त्याचा, नोट्स त्याच्या, क्लासचे व्हिडिओही त्याच्याच मोबाइलमध्ये. अभ्यासिकेवाला देतो एक खुर्ची, एक दिवा, पिण्याचे पाणी आणि आजूबाजूला अभ्यास करणारी माणसे. आईबाप कर्ज काढून या शेवटच्या गोष्टीचे पैसे भरतात. 'घरी होत नाही' एवढेच मुले सांगतात, आणि ते अगदी खरे असते. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याच अभ्यासिकेतली पाच-सहा पोरे उभी असतात. एक जण राज्यघटनेतले कलम विचारतो, दुसरा उत्तर देतो, तिसरा ते खोडून काढतो. जुन्या प्रश्नपत्रिका एकमेकांना दिल्या जातात, झेरॉक्सचे पैसे वाटून घेतले जातात. परीक्षा एकाच जागेसाठी असते, म्हणजे हे सगळे एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात, तरीही शिकवतात. कोणत्याही प्राचार्यांनी त्यांना परिपत्रक काढून तसे सांगितलेले नसते.

म्हणजे एकत्र शिकायची रीत मराठवाड्याच्या पोरांना नव्याने शिकवायची नाही. स्पर्धा परीक्षेसाठी ती जे आपणहून करतात, ते आपल्या अभ्यासक्रमांसाठी करायला जागा आणि वेळ द्यायची आहे. अंतरावरून शिकवणाऱ्यांना हे पूर्वीपासून माहीत आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने घरी पुस्तके दिली तरी गावोगावी अभ्यासकेंद्रे ठेवली, संपर्कसत्रे ठेवली. इंटरनेट आल्यावर आपण पुस्तकाच्या जागी व्हिडिओ आणला आणि संपर्कसत्र मात्र विसरलो.

आमच्याकडे गेल्या काही सत्रांपासून काही मुले वाचनकक्षाच्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसतात. तिथे पाहिलेला एक प्रसंग सांगते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी पायथन या संगणकभाषेचा अभ्यासक्रम करत होती. व्हिडिओतल्या सरांनी 'रेंज (१, ५)' असे लिहून आकडे छापून दाखवले होते. तिने तेच लिहिले, आणि पडद्यावर एक ते चार आले. तिला वाटले, आपलेच काही चुकले. तिने पुन्हा टाइप केले, व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला. सरांनी ती गोष्ट ओझरती सांगून टाकली होती, कारण त्यांच्या दृष्टीने ती सांगण्यासारखी नव्हतीच. शेवटी ती शेजारच्या बीसीएच्या मुलीला म्हणाली, "अगं, पाचपर्यंत यायला पाहिजे न, हे चारवरच थांबायलंय की." ती दुसरी हसली नाही. म्हणाली, "दुसरा आकडा म्हणजे हद्द. तिथं जायचं नाही, त्याच्या अलीकडं थांबायचं." मग तिने पाचाच्या जागी सहा लिहायला लावले, एक ते पाच आले. आणि मग तिने एक प्रश्न विचारला, जो व्हिडिओ विचारू शकत नाही: "आता एक ते दहा पाहिजे असतील तर काय लिहिशील?" पहिली क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अकरा."

एवढे व्हायला दोन मिनिटेही लागली नाहीत. ते दोन मिनिटांत झाले नसते तर ती मुलगी त्या दिवशी लॅपटॉप मिटून गेली असती, आणि मला खात्री आहे की परत आली नसती. शिवाय पुढच्या वेळी शिकवणारी मुलगीच माझ्याकडे पायथनचे पुस्तक मागायला आली. रेंजला फक्त एकच आकडा दिला तर मोजणी शून्यापासून का सुरू होते, हे तिला विचारले गेले होते आणि सांगता आले नव्हते. दुसऱ्याला समजावताना आपल्यालाच काय येत नाही ते कळते.

आता त्या टेबलावर एक वही असते. मुले तिला शंकावही म्हणतात. कोणता आठवडा, कोणता व्हिडिओ, कितवे मिनिट, काय अडले, कोणी सांगितले, काय सांगितले. उत्तर मराठीत, म्हणजे आपण बोलतो त्या मराठीत; लूपला लूपच म्हणायचे. ही कल्पना आम्ही शोधलेली नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत, आणि तिथे शंका विचारताना पाठातले मिनिट आणि सेकंदही सांगायचे असते. त्यामुळे शंका नेमकी होते, आणि त्याच जागी अडलेल्या पुढच्याला उत्तर आयते मिळते. एनपीटीईएलचे बरेच अभ्यासक्रम तेच व्हिडिओ घेऊन पुन्हा पुन्हा चालवले जातात. म्हणजे यंदा पोरे जिथे अडली, पुढच्या वर्षीची पोरेही बहुतेक तिथेच अडणार. तरी आपण दरवर्षी कोऱ्या पाटीवरून सुरुवात करतो. एका महाविद्यालयाची वही ही एक वही झाली. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी एकाच अभ्यासक्रमाच्या वह्या एकमेकांना दिल्या तर दोन वर्षांत त्या अभ्यासक्रमाची मराठी सोबतवही तयार होईल, तीही ज्यांना खरोखर अडले त्यांच्या हातची.

हे काम मुले करतील का, असा प्रश्न येतो. करतील. खेड्यात सावडीने कामे होतात ती अशीच: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पण मदतीला येणाऱ्याची आपण दखल घेतली पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्याने पदवीची जी चौकट केली आहे, तिच्यात समाजसहभाग प्रकल्पाला आणि सहअभ्यासक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. गेल्या वर्षी अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याने यंदाच्या गटाला सत्रभर मदत केली, किंवा व्हिडिओंना मराठी उपशीर्षके तयार केली, तर ते काम त्या श्रेयांकांत का धरू नये? आपल्यापैकी जे संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांच्या विद्यापरिषदांवर आहेत त्यांनी हा विषय बैठकीत मांडावा, ही माझी ठळक विनंती आहे. झाडे लावण्याइतकेच हेही समाजाचे काम आहे.

जागा आणि माणूस देणे हे उपकार नाहीत, हेही स्पष्ट लिहिते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 'स्वयम'च्या श्रेयांकांसाठी २०१६ साली जे विनियम केले, त्यांतच मूळ संस्थेवर जबाबदारी टाकली आहे: प्रयोगशाळा, संगणक, ग्रंथालय या सोयी विद्यार्थ्याला मोफत आणि पुरेशा मिळाल्या पाहिजेत, आणि अभ्यासक्रमभर मार्गदर्शन करायला समन्वयक असला पाहिजे. २०२१ च्या विनियमांनी तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा पद्धतीने पूर्ण करायची मुभा दिली. पदवीचा एवढा वाटा ज्या पद्धतीने मिळू शकतो, तिला वेळापत्रकात दोन तास नसावेत हे पटण्यासारखे नाही.

काही प्राध्यापकांची हरकत मला माहीत आहे: गट केले की कॉपी होते. कॉपी आजही होतेच, आणि ती एकट्याने बसून होते. उत्तरांचे पर्याय मोबाइलवर येतात, मुलगा 'ब' ला खूण करतो, प्रश्न वाचतही नाही. गटाला एक नियम घालून दिला तर हे पुष्कळ थांबते. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर १९९० च्या दशकापासून वर्गात जे करत आले, ते आपल्यालाही जमेल. प्रश्न दिला की प्रत्येकाने आधी स्वतःचे उत्तर कागदावर लिहायचे. मग ज्याचे उत्तर वेगळे आहे त्याला आपले पटवून द्यायचे. मग पुन्हा लिहायचे. पटवून द्यायचे असेल तर 'ब' म्हणून भागत नाही, कारण सांगावे लागते. तो कागद असाइनमेंट भरण्याआधीचा असावा, एवढे पाहिले की पुरे.

दुसरी हरकत जास्त खरी आहे, आणि ती मी स्वतः पाहिली आहे. गट मिळून चुकीचे उत्तरही पक्के करतो. संख्याशास्त्राच्या एका गटात पी-व्हॅल्यू ०.०३ आली, आणि सगळ्यांचे एकमत झाले की मूळ गृहीतक, म्हणजे 'काही फरक नाही' हे, खरे असण्याची शक्यता तीन टक्के आहे. वहीत तसे लिहिलेही गेले, खाली रेघ मारून. एम.एस्सी. करणारा एक माजी विद्यार्थी वही चाळत होता, त्याने ते खोडले आणि शेजारी लिहिले: गृहीतक खरे धरले, तर एवढा किंवा याहून जास्त फरक दिसण्याची शक्यता तीन टक्के. गृहीतक खरे असण्याची शक्यता ही वेगळी गोष्ट. त्यावर गटात पुढे बराच वेळ वाद झाला, आणि त्या वादातच ते बहुतेकांच्या डोक्यात बसले. म्हणून जाणत्या माणसाने पंधरा दिवसांतून एकदा वही वाचलीच पाहिजे. तो माणूस रोज हजर असायची गरज नाही.

तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांवर आणखी एक काम टाकू नका, हेही मी आधीच सांगते. गटाजवळ बसणाऱ्याला तो विषय यायलाच हवा असे नाही. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१५ मध्ये 'पिअर टू पिअर युनिव्हर्सिटी' या संस्थेबरोबर अशी अभ्यासमंडळे सुरू केली. लोक आठवड्यातून एकदा ग्रंथालयात जमत, एकच मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम मिळून करत, आणि सोबत ग्रंथालयातला माणूस असे, जो त्या विषयाचा तज्ज्ञ नसे. त्याचे काम वेळ सांभाळणे, गप्प बसलेल्याला बोलते करणे, कोण दोनदा आले नाही ते पाहून फोन करणे. आपल्या प्रत्येक महाविद्यालयात ग्रंथालय आहे. तालुक्यांच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयेही आहेत, आणि दुपारी ती बरीचशी रिकामी असतात.

गट पाच-सहा जणांचाच ठेवा. दोनशे जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे गट नव्हे. तिथे शुभसकाळ आणि पीडीएफ यांच्यात शंका बुडून जाते. मुलींचे मोबाइल नंबर अशा ग्रुपवर खुले होतात याचीही काळजी आहे, आणि पालकांची ती भीती रास्त आहे. टेबलावर बसलेल्या गटात ती अडचण येत नाही. वेळ दुपारचीच असावी, कारण खेड्यावरच्या मुलींना संध्याकाळची एसटी चुकवून चालत नाही. आठवड्याचे व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर एकदाच उतरवून ग्रंथालयाच्या संगणकात ठेवले तर कोणाचा डेटा संपायचा प्रश्न राहत नाही. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जावे लागणारी मुले बीड, धाराशिव, परभणी सगळीकडे आहेत. त्यांच्या गटाने वहीच्या पानांचे फोटो त्यांना पाठवत राहावे. आमच्याकडे एक मुलगा कारखान्याच्या तळावरून फोनवर शंका सांगत असे, आणि गटातला कोणीतरी वहीत त्याच्या नावाने ती लिहीत असे. जानेवारीच्या सत्रात हे विशेष लक्षात ठेवावे लागेल.

तेव्हा माझे मागणे मोजके आहे. सत्राच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तास, ग्रंथालयात एक टेबल, पाच-सहा जणांचे गट, एक शंकावही, पंधरा दिवसांनी ती वाचणारा एक प्राध्यापक आणि मदत करणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलांना श्रेयांक. खर्च वहीचा. फायलीत नोंदणीच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखा: किती जण शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकले. पहिल्या वर्षी तो आकडा लहान असेल, तरी लिहा.

नोंदणी सुरू होण्याआधी निर्णय झाला तर याच सत्रापासून करता येईल. पायथन आणि संख्याशास्त्र या दोन अभ्यासक्रमांच्या आमच्या वह्या झेरॉक्स करून देण्याची मुलांची तयारी आहे. कोणत्याही महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने मागितल्या तर पाठवू, आणि त्यांच्याकडच्या वह्या आम्हालाही हव्या आहेत.

आपली नम्र,
एका तालुक्याच्या महाविद्यालयातील ग्रंथपाल,
परभणी जिल्हा